सीसी जुन्या बँकेत, करंट खातं नव्या बँकेत: शहापूरच्या दुकानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, मालकी वडिलांच्या नावावर. करंट खातं आणि १५ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज) दोन्ही एकाच बँकेत, सीसीला घर तारण. शाखा आता लांब गेली, काउंटरवर माणसं कमी झाली, भरणा करायला अर्धा दिवस जातो. नव्या बँकेचा प्रतिनिधी दुकानात येऊन ‘झिरो बॅलन्स करंट अकाउंट, दोन दिवसांत सगळं ट्रान्सफर’ म्हणतोय. गल्लीतल्या सौहार्द सोसायटीवाल्यांचाही (सहकारी पतसंस्था) आग्रह चालू आहे. खातं हलवावं का, आणि हलवलं तर किती दिवसांत?

दोन दिवसांत खातं उघडतं, हे खरं आहे. ‘सगळं ट्रान्सफर’ हे मात्र खरं नाही. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय आपल्याकडे बँक खात्याला नाही. नवं खातं म्हणजे नवा नंबर, नवा आयएफएससी. जुन्या नंबरला जे जे जोडलेलं आहे, ते एकेक करून तुम्हालाच सोडवावं लागतं. आपल्या भागातल्या लोकांचा इथे गैरसमज होतो, कारण बँक नकळत बदलल्याचा अनुभव त्यांना आहे. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, १ मे २०२५ ला धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. तेव्हा खाती, कर्जं सगळं बँकेनंच पलीकडे नेलं, ग्राहकाला चेकबुक आणि आयएफएससी तेवढा बदलून घ्यावा लागला. तुम्ही स्वतःहून बँक बदलता तेव्हा तुमच्यासाठी कुणीही काही नेत नाही.

पण तुमच्या बाबतीत त्याच्याही आधीचा मुद्दा आहे. तुम्ही करंट खात्याबद्दल विचारलंय, आणि खरा प्रश्न सीसीचा आहे.

सीसी असलेल्या दुकानदाराचं खरं खातं सीसीच असतं. रोजची विक्री तिथे जमा झाली की बाकी उतरते आणि व्याज त्या दिवसापासून कमी होतं. आता समजा विक्रीचे २ लाख नव्या बँकेच्या करंट खात्यात पडून आहेत. करंट खात्यावर व्याज शून्य. तिकडे सीसीवर ११ टक्क्यांनी व्याज चालूच आहे. म्हणजे दिवसाला साठेक रुपये तुम्ही स्वतःच्याच पैशावर भरताय. ‘झिरो बॅलन्स’ म्हणणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे साठ रुपये येत नाहीत.

दुसरं, सीसीचं सँक्शन लेटर (मंजुरीपत्र) काढून वाचा. बहुतेक पत्रांत ‘व्यवहार आमच्याच खात्यातून करावेत’ अशी अट असते. ती मोडली म्हणून उद्याच कुणी दारात येत नाही, पण नूतनीकरणाच्या वेळी मॅनेजर खात्यातली उलाढाल आणि जीएसटी रिटर्नमधली विक्री समोरासमोर ठेवतो. तफावत दिसली की लिमिट कापतात. त्याहून वाईट म्हणजे, सीसीत सलग ९० दिवस जमाच झाली नाही, किंवा जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तर खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’ ठरून एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं. हप्ता असा काही नसतोच, त्यामुळे दुकानदाराला वाटतं आपण काही चुकवलेलं नाही. सिबिलवर डाग मात्र पडतो.

मग दुसऱ्या बँकेत करंट खातं उघडायला बंदी आहे का? नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं करंट खात्यांवर कडक नियम आणले होते, त्याची धास्ती अजून शाखांमध्ये आहे. पण सगळ्या बँकांचं मिळून कर्ज ५ कोटींच्या आत असलेल्याला ऑक्टोबर २०२१ पासून मोकळीक आहे. मर्यादा ओलांडली तर कळवीन, असं हमीपत्र शाखा मागू शकते. तुम्ही १५ लाखांवर आहात. तरीही नव्या बँकेची शाखा जुन्या बँकेचं एनओसी मागेल. वाद घालण्यापेक्षा जुन्या बँकेला स्वतःच एक पत्र देऊन पोच घेतलेली बरी. लपवून उघडलेलं खातं फार दिवस लपत नाही.

तेव्हा तुमच्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. एकतर सीसीसकट जा, नाहीतर सीसी आहे तिथे ठेवून नवं खातं फक्त गल्ल्याच्या भरण्यासाठी आणि यूपीआयसाठी वापरा, आणि रोज संध्याकाळी, निदान एक दिवसाआड, तिथली रक्कम सीसीकडे वळवा. आयएमपीएस, एनईएफटी रात्रीही चालतं, शाखेत जायची गरज नाही. तुमची तक्रार काउंटरच्या गर्दीची आणि अंतराची आहे, व्याजदराची नाही. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर आज दुसरी वाट धरली असती आणि सीसीचा विचार नूतनीकरणाच्या तारखेला केला असता.

सीसी हलवायचीच असेल तर आधी खर्च मांडा. अर्धा टक्का व्याज कमी मिळतंय म्हणून लोक उठतात. १५ लाखांची लिमिट वर्षभर पूर्ण वापरली तरी अर्धा टक्का म्हणजे ७,५०० रुपये. त्यासमोर प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, तारणाच्या नोंदणीचा खर्च आणि जुना बोजा उतरवायचा खर्च. पहिल्या वर्षी तरी काही उरत नाही. लिमिट १५ ची २५ करून मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

मुदतीआधी बंद केल्याच्या दंडाचं आता बरंच सुसह्य झालंय. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या फ्लोटिंग व्याजाच्या कर्जांवर सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून व्यापारी बँकांनी असा आकार घ्यायचा नाही. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका आणि काही सहकारी बँकांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जापुरतं हेच बंधन आहे. सीसीच्या बाबतीत नियम असा आहे की, करारात दिलेल्या मुदतीआधी ‘नूतनीकरण नको’ असं लेखी कळवलं आणि ठरल्या तारखेला खातं बंद केलं, तर आकार लागत नाही. म्हणून सँक्शन लेटरमध्ये तीन गोष्टी शोधा: मुदत कधी संपते, किती दिवस आधी कळवायचं, आणि व्याज फ्लोटिंग आहे की फिक्स्ड.

क्रमही सांगून ठेवतो, कारण इथेच माणसं अडकतात. नव्या बँकेचं सँक्शन लेटर हातात आल्याशिवाय जुन्या बँकेत अक्षरही बोलू नका. मग जुन्या बँकेकडून येणं बाकीचं पत्र आणि तारण कागदांची यादी घ्या. नवी बँक रक्कम थेट जुन्या सीसीत भरते. जुनी बँक नो ड्यूज देते, घराचे मूळ कागद सोडते, सेरसाईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद काढते. उपनिबंधकाकडे तारण नोंदलेलं असेल तर तिथलाही बोजा उतरवून, ईसी (मिळकतीवरच्या बोजाचा दाखला) काढून डोळ्यांनी बघा. सोसायटीचं कर्ज फेडून वर्षं झाली तरी बोजा तसाच, आणि घर विकायला काढलं तेव्हा कळलं, अशी प्रकरणं बेळगावात आणि खानापूर तालुक्यातही ढिगानं आहेत.

आणि विमा. दुकानातल्या मालाच्या पॉलिसीवर बँकेचं नाव चढवलेलं असतं. बँक बदलली आणि पॉलिसीवर जुनीच राहिली, तर नुकसानीच्या दिवशी भरपाईचा पैसा कुणाच्या खात्यात जायचा याचा घोळ होतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आपल्या जिल्ह्यात ज्यांनी क्लेम केले, त्यांना विचारा एका एका कागदाची किंमत काय असते. एजंटाला एक मेल केला की एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवरच्या बदलाची नोंद, मिळतं. तेवढं विसरू नका.

आता वडिलांचं. प्रोप्रायटरी, म्हणजे एकमालकी धंद्यात, कायद्यानं वडील आणि दुकान एकच. पॅन एक, जीएसटी नंबर त्याच पॅनवरचा. ‘आता सगळं मीच बघतो, तर नवं खातं माझ्या नावानं उघडतो’ असं मुलं करतात, आणि बँकेचा प्रतिनिधीही अडवत नाही, त्याला खातं हवं असतं. तुमच्या पॅनचं खातं वडिलांच्या जीएसटी नंबरला जोडायला गेलात तर पोर्टलवर पडताळणीतच अडकेल. आणि वडिलांच्या दुकानाची विक्री तुमच्या खात्यात जमा होऊ लागली, तर आयकराची नोटीस तुम्हाला येऊ शकते. खातं वडिलांच्याच नावे, ‘प्रोप्रायटर’ म्हणून उघडा आणि चालवण्याचा अधिकार पत्रानं तुमच्याकडे घ्या. नॉमिनेशन नव्यानं करा, जुन्या बँकेतलं नॉमिनेशन इकडे येत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

पण धंदा येत्या वर्षा-दोन वर्षांत तुमच्या नावावर करायचा, किंवा भावाभावांची भागीदारी करायची घरात ठरतच असेल, तर ते आधी करा. भागीदारीचा पॅन वेगळा, जीएसटी वेगळा, खातं वेगळं. आज बँक बदलून उद्या भागीदारी केलीत, तर हा सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागेल.

कागदपत्रांबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमानुसार प्रोप्रायटरी खात्याला मालकाच्या ओळखीखेरीज धंद्याचे दोन पुरावे लागतात: जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, महापालिकेचं ट्रेड लायसन्स, आयकर रिटर्न, दुकानाच्या नावाचं हेस्कॉमचं वीजबिल यांतले कोणतेही दोन. अडचण पुराव्यांची नसते, नावांची असते. पॅनवर आडनाव शेवटी, आधारवर आधी. ट्रेड लायसन्स कन्नडमध्ये आणि त्यावर दुकानाचं नाव ऐकून लिहिलेलं. एका कागदावर बेलगाम, दुसऱ्यावर बेळगावी, कारण नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि त्याआधीचे कागद तसेच राहिले. गावाच्या नावावरून सहसा अडत नाही, माणसाच्या आणि दुकानाच्या नावावरून अडतं. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करणाऱ्याला समोरच्या खात्याचं नाव दिसण्याची सोय आली आहे. तुमच्या बिलावर एक नाव आणि खात्याला दुसरं असेल, तर इचलकरंजीचा व्यापारी पैसे पाठवताना थांबणार आणि फोन करणार. म्हणून खातं उघडतानाच दुकानाचं नाव जीएसटी प्रमाणपत्राबरहुकूम, स्पेलिंगसकट.

वडील मराठीत सही करत असतील तर काही शाखा ‘मजकूर समजावून सांगितला’ असं वेगळं घोषणापत्र घेतात. त्यात अपमान मानू नका, सही करून मोकळे व्हा. चेकवरची रक्कम आणि नाव मात्र इंग्रजीत लिहा. चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या राज्याच्या प्रादेशिक भाषेत लिहिता येतो, आणि कर्नाटकात ती कन्नड. आपल्या भाषेचा अभिमान दाखवायच्या जागा पुष्कळ आहेत, चेक ही त्यातली नव्हे.

चेकवरून आठवलं, तुमच्या धंद्यात सगळ्यात घातक वस्तू पुढच्या तारखेचा चेक आहे. सुरत, इचलकरंजी, इळकल, जिथून माल येतो तिथे साठ-नव्वद दिवसांचे चेक देऊन ठेवलेले असतात, वर ‘सिक्युरिटी’ म्हणून कोरे चेकही. खातं बंद केलं आणि त्यातला एक चेक लागला, तर ‘अकाउंट क्लोज्ड’ शेरा मारून परत येतो. खातं बंद होतं म्हणून सुटका होत नाही. असा चेकही कलम १३८ मध्ये (चेक न वटल्याच्या गुन्ह्यात) बसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच सांगितलंय. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस काढू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत तर फौजदारी. शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसाच्या दिवशी क्लिअर व्हायला लागलेत, ‘दोन दिवस आहेत, तोवर पैसे भरतो’ ही जुनी सवय आता चालत नाही.

म्हणून चेकबुकाच्या काउंटरफॉइलवरून यादी करा. कुणाकडे कोणता नंबर, कोणती तारीख. प्रत्येकाला फोन करून नव्या बँकेचा चेक द्या आणि जुना हातात परत घ्या. ‘फाडून टाकला’ या शब्दावर राहू नका. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे शेवटच्या तारखेच्या चेकनंतर तीन महिने जुनं खातं जिवंत ठेवलं की बहुतेक धोका टळतो. कोऱ्या चेकला तारीखच नाही, तो परत आलाच पाहिजे.

त्यानंतर जोडण्या. जीएसटी पोर्टलवर बँक खातं बदलणं सोपं आहे, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, बदल झाल्यापासून १५ दिवसांत नोंदवायचं. आधी नवं जोडा, ‘व्हॅलिडेटेड’ झालेलं बघा, मगच जुनं काढा. आयकराच्या पोर्टलवर नवं खातं प्री-व्हॅलिडेट करून रिफंडसाठी तेच निवडा, नाहीतर रिफंड बंद खात्यावर जाऊन आपटतो. उद्यम नोंदणीतला तपशील बदला, फुकट होतो. गाडीचा हप्ता, एलआयसी, एसआयपी यांचे नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) आपोआप येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी नवं मँडेट द्यावं लागतं, आणि ते मंजूर होईपर्यंत एखादा हप्ता जुन्या खात्यातून जातोच. तेवढी शिल्लक तिथे राहू द्या. सरकारी शाळेला किंवा खात्याला गणवेशाचा वगैरे माल देत असाल, तर कर्नाटकाच्या खजाने-२ या सरकारी कोषागार प्रणालीतला तुमचा बँक तपशीलही बदलावा लागेल. हे काम रेंगाळतं, लवकर हातात घ्या.

क्यूआरचं निरनिराळं आहे. फोनपे, पेटीएम यांसारख्या कंपनीचा क्यूआर असेल तर ॲपमध्ये सेटलमेंटचं खातं बदललं की झालं, स्टिकर तोच राहतो. जुन्या बँकेनं दिलेला क्यूआर मात्र खात्याबरोबर मरतो. काउंटरवरचा काढाल, पण चंदगड-खानापूरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी त्याचे फोटो मोबाईलमध्ये ठेवलेत, त्याचं काय? ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध जाहीर केले आणि १५ मार्चनंतर तिथे नवी जमा बंद झाली. ज्यांच्या विक्रीचे पैसे त्या बँकेच्या खात्यात जमा होत होते, त्यांची तेव्हा धावपळ झाली. त्यांना निदान सहा आठवडे मिळाले होते. तुम्ही तेवढी सवड गिऱ्हाइकांना द्या.

ज्यांच्याकडून मोठ्या रकमा येतात त्यांना नवा खाते नंबर व्हॉट्सॲपवर नुसता टाकू नका. ‘आमचं खातं बदललं’ असे खोटे निरोप पाठवून पैसे लुबाडण्याचा धंदा जोरात आहे, आणि शहाणा व्यापारी अशा निरोपावर पैसे पाठवत नाही. लेटरहेडवर पत्र, सोबत रद्द चेक, आणि नेहमीच्या नंबरवरून स्वतः फोन. बिलावरचा बँक तपशील टॅलीत त्याच दिवशी बदला.

नव्या बँकेच्या प्रतिनिधीला ‘झिरो बॅलन्स’ सोडून हे विचारा: महिन्याला रोख भरणा किती रकमेपर्यंत मोफत, त्यापुढे हजारी किती, दुसऱ्या शाखेत भरला तर किती, सुट्टी नाणी आणि दहा-वीसच्या नोटा घेतात का, चेक परत गेला तर दंड किती. दिवाळीत आणि लग्नसराईत तुमचा भरणा कुठल्या कुठे जातो. त्या दोन महिन्यांच्या आकड्यांवर हिशेब करा, आषाढातल्या आकड्यांवर नको. उत्तरं तोंडी घेऊ नका, शुल्कपत्रकच मागा. तो प्रतिनिधी सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात असेल.

सौहार्दचं उत्तर छोटं आहे. कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा १९९७ चा, संस्था त्या कायद्याखाली नोंदलेली. ती बँक नाही, रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, ठेवींना डीआयसीजीसीचा (बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाचा) विमा नाही. थोडी बचत ठेवायची तर तुमचा विश्वास, दुकानाचं चालू खातं तिथे नको. परवाना असलेल्या सहकारी बँकेला विमा आहे, पण एका माणसाला एका बँकेत सगळं मिळून ५ लाखच. प्रोप्रायटरी असल्यामुळे वडिलांचं बचत खातं, एफडी आणि दुकानाचं करंट खातं एकत्रच धरलं जातं. आपल्याकडे बरीच घरं ‘दुकानाचे ५ आणि घरचे ५’ असं समजून चालतात, ते चूक आहे.

किती दिवस, याचं उत्तर: नवं खातं आठवडाभरात चालू, जोडण्या महिन्याभरात, आणि जुनं करंट खातं बंद करायला निदान पाच-सहा महिने. सुरुवात आषाढात करा. लग्नं नसतात, गल्ला हलका असतो, आणि दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. मार्चमध्ये हात घालू नका. दोन्ही खाती चालू असताना जुन्यात किमान शिल्लक ठेवा, नाहीतर दंड कापत कापत खातं उणे होईल.

बंद करायच्या आधी जुन्या बँकेचे सगळे स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून घ्या, नेट बँकिंग बंद झालं की प्रत्येक पानासाठी शाखेत अर्ज करावा लागतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात, तेव्हा निदान आठ वर्षांचे घ्या. उरलेले चेक आडवी रेघ मारून परत करा, अर्जावर वडिलांची सही आणि शाखेचा शिक्का असलेली पोच घ्या, आणि शिल्लक शून्य झाल्याचं बंद खात्याचं पत्र मागून फाइलला लावा.